अर्नेस्टो होस्ट, आणि रिंगमधून उतरल्यानंतरचं आयुष्य

डावा_हूक

अर्नेस्टो होस्ट हे नाव इथं किती जणांनी ऐकलं असेल, शंकाच आहे. आमच्या पंचवटीतल्या क्लासमधली पोरं एमएमएवाल्यांची (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे उभ्यानं मारामारी आणि खाली कुस्ती दोन्ही) नावं घडाघडा सांगतात, पण के-१ म्हटलं की एकमेकांकडे बघतात. म्हणून हा धागा. लांबेल, आधीच सांगतो.

होस्ट हा हॉलंडचा किकबॉक्सर, घराणं मूळचं सुरिनामचं, जन्म १९६५ चा. ॲमस्टरडॅमला योहान फॉसच्या जिममध्ये तयार झाला. त्या काळात डच लोकांनी किकबॉक्सिंगची एक वेगळीच पद्धत उभी केली होती. यान प्लास नावाचा माणूस जपानला जाऊन केंजी कुरोसाकींकडे शिकून आला आणि १९७८ मध्ये त्यानं ॲमस्टरडॅममध्ये मेजिरो जिम काढली. क्योकुशिन कराटेचा कणखरपणा, थाई लोकांची मांडीवरची लाथ आणि पाश्चात्त्य बॉक्सिंगचे हात, असं ते मिश्रण. होस्टनं ते इतकं घोटून घेतलं की लोक त्याला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणू लागले.

के-१ म्हणजे काय, तर काझुयोशी इशी यांनी १९९३ मध्ये टोकियोत सुरू केलेली स्पर्धा. एका रात्रीत आठ लढवय्ये. जिंकायचं तर त्याच रात्री तीन लढती. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, निकाल नाही लागला तर जादा फेरी. कोपर चालत नाही, धरून ठेवणं चालत नाही. पहिल्याच वर्षी होस्टनं पीटर आर्ट्सला गुणांवर हरवलं, मॉरिस स्मिथला डोक्यावरच्या लाथेनं झोपवलं आणि अंतिम लढतीत स्वतःच झोपला. समोर होता क्रोएशियाचा ब्रांको त्सिकातिच, वय ३८! त्यानंतर पहिलं विजेतेपद मिळायला होस्टला १९९७ उजाडलं, अंतिम लढतीत अँडी हुगला हरवून. मग १९९९, २०००, २००२. चार विजेतेपदं. एवढी दुसऱ्या फक्त हॉलंडच्याच सेमी शिल्टला जमली.

२००२ चा किस्सा तर सांगायलाच हवा. ऑक्टोबरात बॉब सॅप नावाचा दीडशे किलोच्या वरचा अमेरिकन त्याच्यासमोर आला. पूर्वीचा फुटबॉलवाला, त्यांच्या त्या अंगावर धावून जायच्या फुटबॉलमधला. सॅपला तंत्र असं फार काही नव्हतंच. धावत आला, कोपऱ्यात दाबलं आणि दोन्ही हातांनी बडवत सुटला. होस्ट हरला. डिसेंबरच्या अंतिम फेरीसाठी तो पात्रच नव्हता, पण शिल्ट जखमी झाला म्हणून त्याला आत घेतलं. समोर कोण? पुन्हा सॅप. पुन्हा हरला. पण सॅपचा हात दुखावला, तो पुढे खेळू शकला नाही आणि नियमानं होस्ट उपांत्य फेरीत गेला. तिथं रे सेफोला हरवलं. अंतिम लढतीत जेरोम ल बॅनरच्या गार्डवर लाथा मारून मारून त्याचा डावा हातच मोडला. एकाच माणसाकडून दोनदा मार खाल्लेला गडी त्याच रात्री जगज्जेता! वय ३७. नशीब म्हणा हवं तर. पण सॅपचा तो मार खाऊन पुन्हा दोन लढती खेळायला मांड्यांत जीव लागतो.

मला मात्र विजेतेपदांपेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. २ डिसेंबर २००६ ला टोकियो डोममध्ये, ४१ व्या वर्षी, उपांत्य फेरीत शिल्टकडून गुणांवर हरून तो थांबला. शिल्ट सात फुटी. त्याच्यासमोर चाळिशी ओलांडलेला माणूस शेवटच्या घंटेपर्यंत उभा होता. आणि थांबला तेव्हा ‘आता काय’ हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता, कारण शिकवणं आधीच सुरू झालं होतं. २००५ मध्ये एमएमएतला रशियन फेदोर एमेलियानेंको क्रोएशियाच्या मिर्को क्रो कॉपशी लढणार होता, तेव्हा उभ्याच्या खेळासाठी (ठोसे-लाथांसाठी) तो होस्टकडेच गेला होता. निवृत्तीनंतर देशोदेशी सेमिनार, जपानमध्ये ‘होस्ट कप’ नावानं स्पर्धा. २०१४ मध्ये, पन्नाशीला टेकलेला असताना, पुन्हा एकदा रिंगमध्येही उतरला. ते मला आवडलं नाही, पण तो त्याचा प्रश्न.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे पोरगं बाराव्या वर्षी येतं, विसाव्यापर्यंत राज्य, राष्ट्रीय, जमलंच तर बाहेरदेशी एखादी स्पर्धा. चोविसाव्या वर्षी संपलं. शोकेसमध्ये पदकं आणि खाली घरचे विचारतात, पुढे काय? होस्टला एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळायला मिळालं. आपल्या पोरांना चोविसाव्या वर्षीच निवृत्त व्हावं लागतं आणि ती निवृत्ती आहे हे कुणी मान्यही करत नाही. नाशिकमधल्या जुन्या खेळाडूंनी लिहावं.

---

कॉलेज_रोडवाली

वाचतेय. सॅपचा किस्सा भारी. माझी लेक नववीत आहे, तिला किकबॉक्सिंगच लावायचं आहे, म्हणून जरा जास्तच लक्ष देऊन वाचतेय.

---

सातपूरची_शिफ्ट

हूकभाऊ, तुम्ही बरोबर जागी लाथ मारलीत.

मी खेळलेला आहे. राष्ट्रीयला पदक आहे, कुठल्या वजनगटात ते सांगत नाही, इथं ओळखणारे आहेत. मी थांबलो तेव्हा ना टोकियो डोम होतं, ना कुणी फुलांचा गुच्छ दिला. अंबडला कंपनीत लागलो, पहिल्याच महिन्यात रात्रपाळी आली, आणि सकाळी सातला घरी येऊन झोपलो की संध्याकाळचा सराव गेला. एक आठवडा गेला, मग दुसरा. ‘आता सोडलं’ असं मी कधी ठरवलंच नाही. शिफ्टनं ठरवलं.

त्यानंतरचं कुणी सांगत नाही ते सांगतो. भूक तशीच राहते, मेहनत जाते. पोट सुटतं. हे दिसतं तरी. डोकं मात्र आतल्या आत तापतं, ते दिसत नाही. आठ-दहा वर्षं रोज संध्याकाळी कुणाला तरी मारून, कुणाचा तरी मार खाऊन घरी जायची सवय लागलेली असते. ते एकदम बंद होतं. बायको म्हणायची, तुम्ही भांडण शोधत फिरता. मी फिरत होतोच. सीबीएसवर रिक्षावाल्याशी, कंपनीत सुपरवायझरशी. मी वाईट माणूस झालोय असं तेव्हा मला वाटायचं. नंतर इतर जुन्या पोरांशी बोललो तर सगळ्यांची हीच कथा.

आता संध्याकाळी पोरांना शिकवतो, पाळी असेल तशी. पैसे फार नाहीत. पण पॅड धरले ना, की डोकं शांत. पोरगं लाथ मारतं तेव्हा तो धक्का दंडातून खांद्यात जातो आणि तेवढ्यानं बरं वाटतं. का ते विचारू नका.

एक तक्रार मात्र आहे. आमच्या काळी एका क्लासमध्ये रोज पूर्ण ताकदीचं स्पारिंग (सरावाची लढत) असायचं. रोज! डोकं दुखतंय म्हटलं की ‘बांगड्या भर’. क्लासचं नाव घेत नाही, सरही आता नाहीत. पण त्या डोकेदुख्यांचा हिशोब कुणीच ठेवला नाही.

---

हाडांचा_डॉक्टर

शिफ्ट यांचा शेवटचा परिच्छेद धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. मी हाडांचा माणूस आहे, मेंदूचा नाही. पण माझ्याकडे येणारे खेळाडू गुडघा दाखवायला येतात आणि बोलता बोलता डोक्याचं सांगतात.

मुष्टियोद्ध्यांमध्ये कालांतरानं बोलणं जड होणं, चाल बिघडणं, विसरणं, चिडचिड ही लक्षणं दिसतात हे १९२८ साली अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलँड यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. म्हणजे ही काही परवाची गोष्ट नाही. आज त्याला सीटीई म्हणतात, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. त्याचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं, जिवंतपणी लक्षणांवरून अंदाज बांधतात. के-१ आणि प्राइडमध्ये (जपानमधली एमएमए स्पर्धा) खेळलेल्या गॅरी गुडरिजचं उदाहरण आहे. त्रिनिदादमध्ये जन्मलेला, कॅनडाचा, पंजा लढवण्यातला जगज्जेता. २०१२ च्या सुमारास, पन्नाशीही गाठलेली नसताना, डॉक्टरांनी त्याला या आजाराची सुरुवात असल्याचं सांगितलं. स्मरणशक्ती गेली हे तो उघडपणे बोलला आहे.

पालकांचा एक मोठा गैरसमज म्हणजे हेल्मेट घातलं की डोकं सुरक्षित. हेल्मेटनं भुवई फुटत नाही, कातडी वाचते. कवटीच्या आत मेंदू हलतो तो हेल्मेटनं थांबत नाही. ऑलिम्पिक बॉक्सिंगच्या संघटनेनं २०१३ पासून वरच्या स्तरावरच्या पुरुषांचं हेल्मेट काढून टाकलं आणि रिओत मुष्टियोद्धे तसेच उतरले. ते बरोबर की चूक यावर वाद आहेत. पण हेल्मेट हा इलाज नाही, यावर फारसा वाद नाही.

आणि वजन तोडणं. दोन दिवस पाणी बंद, अंगात प्लास्टिक घालून धावायचं, आणि अंगातलं पाणी पुरतं भरून यायच्या आत डोक्यावर ठोसे. शरीर सुकलेलं असताना डोक्याला मार घेणं धोक्याचं आहे. चौदा वर्षांच्या मुलाला वजन तोडायला लावणाऱ्या माणसाला मी प्रशिक्षक म्हणणार नाही.

बाकी हाडांचं म्हणाल तर, नडगी हळूहळू घट्ट होते हे खरं. हाडावर भार आला की हाड दाट होतं. पण ते बॅगवर वर्षानुवर्षं मारून. बाटल्या लाटून, काठ्या मारून नाही. गुडघा आणि खुबा मात्र असे घट्ट होत नाहीत. गोल लाथेत जमिनीवर टेकलेला पाय फिरला नाही की सगळी पिळवट गुडघ्यात जाते. पाय फिरवायला शिकवा, माझ्याकडची गर्दी कमी होईल.

---

तालमीतला_नातू

डॉक, प्रतिसाद साठवून ठेवला आहे.

पण हूकभाऊ, हे फक्त किकबॉक्सिंगचं दुखणं नाही. आमच्या आजोबांच्या तालमीतल्या मंडळींचं काय झालं? खाशाबा जाधव यांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९५५ मध्ये पोलिसात लागले, आयुष्यभर नोकरी केली, १९८४ ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ही ऑलिम्पिक पदकवाल्याची गत, तर राष्ट्रीयवाल्याला कोण विचारतो?

तरी पैलवानाला गाव असतं. जत्रेत फेटा बांधतात, फडावर पुढं बसवतात, म्हातारपणी ‘वस्ताद’ म्हणतात. सरकारचं थोडंफार मानधन असतं. तुमच्या किकबॉक्सरला काय आहे? गावातल्या माणसाला अजून कराटे आणि किकबॉक्सिंग एकच वाटतं.

---

डावा_हूक

नातू, फेट्याचा मुद्दा एकदम मान्य. माझ्या मते होस्टला जे मिळालं ते हेच. त्याला जपाननं फेटा बांधला. ज्या देशात तो जन्मला त्यापेक्षा जिथं तो लढला तिथं त्याला जास्त मान आहे.

मात्र एका गोष्टीवर भांडणार. पैलवानाला गाव मिळालं ते कुस्ती मोठी म्हणून नाही, तर वस्तादानं तालीम सोडली नाही म्हणून. आमच्या खेळात चोविसावं लागलं की माणूस पूर्ण गायब होतो, दारावरूनही जात नाही. लाज वाटते. नोकरी लागली नाही याची लाज, पोट सुटलं याची लाज. शिफ्टसारखे परत येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

---

जुना_के_वन

कुणीतरी हा विषय काढला! मी त्या काळी रात्री-रात्री जागून केबलवर हे सगळं पाहिलेलं आहे, सोडतो काय आता.

होस्टला ‘नंतर’ मिळालं. सगळ्यांना मिळालं नाही. अँडी हुग, स्वित्झर्लंडचा, टाच वरून खाली आणणारी लाथ म्हणजे त्याची सही, १९९६ चा विजेता. ऑगस्ट २००० मध्ये टोकियोत रक्ताच्या कर्करोगानं गेला, वय ३५. दीड महिन्यापूर्वी रिंगमध्ये होता. रमोन डेकर्स, ज्याला थाई लोकांनी त्यांच्याच खेळात १९९२ चा सर्वोत्तम ठरवलं, पहिलाच परदेशी. २०१३ मध्ये गावी सायकल चालवताना हृदय बंद पडलं, वय ४३. त्याच वर्षी शिल्टही हृदयाच्या तक्रारीमुळे थांबला. पराभवानं नाही, डॉक्टरांच्या कागदानं.

आणि दुसऱ्या टोकाला मिर्को क्रो कॉप. पोलिसातल्या विशेष पथकातला, म्हणून नावच ‘कॉप’. खेळत असतानाच २००३ मध्ये क्रोएशियाच्या संसदेत निवडून गेला! मार्च २०१३ मध्ये के-१ ही जिंकलं. २०१९ मध्ये रॉय नेल्सनला हरवलं आणि काही दिवसांतच मेंदूचा झटका आला, तिथं संपलं. संसद, पोलीस, पैसा सगळं होतं, तरी चव्वेचाळिसाव्या वर्षी रिंगमध्येच होता. आता सांगा, शिफ्ट म्हणतात ती सवय किती खोल असते ते.

अवांतर : पीटर आर्ट्सवर वेगळा धागा हवा. १९९८ ला त्यानं तिन्ही लढती पहिल्याच फेरीत संपवल्या, आणि २०१० मध्ये चाळिशीत शिल्टला हरवलं. होस्ट मोठाच, पण माझं मन आर्ट्सकडे.

---

सातपूरची_शिफ्ट

जुना, क्रो कॉपचं पूर्ण पटलं. लोक म्हणतात पैशासाठी खेळत राहतात. असेलही. पण रिंगमध्ये कसं असतं सांगू? तीन मिनिटं बाकी काहीच आठवत नाही. हप्ता नाही, सुपरवायझर नाही. ते बाहेर कुठंच मिळत नाही. मला तरी मिळालं नाही.

---

कॉलेज_रोडवाली

डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून मी जवळजवळ नाहीच म्हणणार होते लेकीला. मग तिनंच विचारलं, “सगळ्या प्रकारांत डोक्याला मारतात का?” उत्तर माझ्याकडे नाही. आणि दुसरं, हिचे बाबा विचारतात, नोकरीत काही उपयोग होतो का या खेळाचा?

---

डावा_हूक

ताई, लेक हुशार आहे.

डोक्याला स्पर्श सगळीकडे चालतो, पण ताकद सगळीकडे सारखी नसते. वाको ही जागतिक संघटना, १९७६ पासूनची. तिचे प्रकार दोन ठिकाणी खेळले जातात, मॅटवर आणि रिंगमध्ये. मॅटवर पॉइंट फाइटिंग (एक फटका लागला की पंच थांबवतात, गुण देतात, पुन्हा सुरू), लाइट कॉन्टॅक्ट आणि किक लाइट. या तिन्हींत जोरात मारलं तर ताकीद मिळते, गुण जातात. रिंगमध्ये फुल कॉन्टॅक्ट, लो किक आणि के-१. तिथं नॉकआउट आहे. शिवाय संगीतावर एकट्यानं करायचे म्युझिकल फॉर्म्सही असतात, त्यात समोर कुणी नसतंच. नववीतल्या मुलीनं पॉइंट फाइटिंगपासून सुरुवात करावी. अंतर, वेळ आणि पाय, सगळं त्यातच शिकलं जातं. रिंगमध्ये जायचं की नाही ते ती अठरा वर्षांची झाल्यावर ठरवेल. आमच्याकडे लहान पोरांना डोक्यावर फक्त स्पर्श, आणि मोठ्यांचं जोराचं स्पारिंग आठवड्यातून एकदाच. बाकी दिवस पॅड, बॅग आणि पाय फिरवणं. (डॉक, बघा!)

नोकरीचं जपून सांगतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं वाकोला २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. म्हणून खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला असं नाही, हे दोन वेगळे विषय आहेत, आणि क्लासवाले ते मुद्दाम एक करून सांगतात. राज्य शासनात खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण कोणता खेळ, कोणत्या स्तराची स्पर्धा आणि कोणत्या संघटनेचं प्रमाणपत्र चालतं, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं आणि ते बदलतं. तेव्हा प्रवेश घ्यायच्या आधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन चालू यादी स्वतः बघा. क्लासच्या फ्लेक्सवर विश्वास ठेवू नका, माझ्याही. किकबॉक्सिंगच्या नावानं प्रमाणपत्रं वाटणाऱ्या संघटना ढिगानं आहेत. ‘जागतिक स्पर्धा’ म्हणून गोव्यात नेतात, तिथं एका गटात दोन मुली, दोघींना पदक.

---

तालमीतला_नातू

दोन मुली, दोन पदकं 😄 हे कुस्तीत चालायचं नाही. फड पेटवतील लोक.

---

हाडांचा_डॉक्टर

ताई, मी ‘नाही’ म्हणा असं म्हटलंच नाही. बसून राहणाऱ्या मुलांचे गुडघेही मी बघतो. तीन गोष्टी विचारा क्लासमध्ये : डोक्याला मार बसून गरगरलं तर त्या दिवशी खेळ थांबवतात का, पुन्हा सुरू करायला डॉक्टरांचा कागद मागतात का, आणि वजनगटासाठी उपाशी ठेवतात का. उत्तर देताना सर चिडले, तर तिथून निघा.

हूक, पाय फिरवण्याबद्दल आभार.

---

सातपूरची_शिफ्ट

ताई, मी एक भर घालतो. लेकीला पहिल्या दिवसापासून दुसरं काहीतरी हातात द्या. पंचगिरीचा कोर्स असेल, फिजिओचं शिक्षण असेल, काहीही. माझ्याबरोबरची एक जण खेळतानाच पंच झाली. आज ती सगळ्या स्पर्धांना असते, पांढरा शर्ट, काळी पँट, आणि तिला बघून मला हेवा वाटतो. तिचा खेळ थांबला, पण ती बाहेर पडलीच नाही. होस्टनंही हेच केलं ना, शिकवायला सुरुवात आधी आणि निवृत्ती नंतर.

बाकी रविवारी सकाळी लेकीला हिरावाडीला संकुलाजवळ घेऊन या, मी आणि हूकभाऊ दोघंही असतो. एक दिवस नुसतं बघू दे तिला. अनवाणीच असतं सगळं, बुटांचा खर्च करू नका. नखं कापून आणि पाण्याची बाटली घेऊन यायचं.

---

कॉलेज_रोडवाली

येतो रविवारी. ती विचारतेय, हेल्मेट जांभळं मिळतं का?

---

डावा_हूक

सरावाला जांभळं चालेल. स्पर्धेत लाल नाहीतर निळं, ज्या कोपऱ्यात नाव येईल तसं.